रंधा मशीनला चाकं लावली तेव्हा

आमची शेड 12 बाय 20 फुटांची. अण्णांच्या वेळचं 12 इंची रंधा मशीन, म्हणजे फळ्या तासून सपाट करणारं यंत्र, त्यात भिंतीला लागून उभं असायचं. दारं-खिडक्यांची कामं होती तोवर भागत होतं. मग जेवणाच्या टेबलांची कामं येऊ लागली आणि त्यांबरोबर 8 फुटी फळ्या आल्या. एवढी फळी रंध्यावरून काढायची तर मशीनच्या अलीकडे 8 फूट आणि पलीकडे 8 फूट मोकळे लागतात. म्हणजे मशीन शेडच्या मधोमध हवं. तिथंच ते कायम ठेवलं तर टेबल जुळवायला जागा उरत नाही. दरवेळी दोन पहारी, पाइपाचे चार तुकडे आणि तीन माणसं लावून ते सरकवायचं, यात अर्धा दिवस जायचा.

म्हणून मी चाकांची एक तयार चौकट आणली. चार नायलॉनची चाकं, दोन-दोन इंचांची, चारही कुठल्याही दिशेला वळणारी. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे. सांध्यातलं सिमेंट जागोजागी निघालंय. पहिल्याच दिवशी पुढचं चाक अशा एका सांध्यात अडकलं, मागून आमचा जोर चालूच होता, आणि मशीन माझ्या बाजूला कललं. भाऊ ओरडला, “हात सोड, बाजूला हो!” मी मागे उडी मारली. मशीन कसंबसं परत टेकलं, चाकाचा दांडा मात्र वाकला. पुढं दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. ओतीव लोखंडाचं धूड अंगावर आलं तर ते हातांनी सावरता येत नाही, हे तेव्हा मला खरं कळलं.

मग गावातल्या फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी वजन विचारलं. अण्णांनी मशीन आणलं त्या दिवशीची वजनकाट्याची पावती फायलीत जपून ठेवली होती: 310 किलो. नवी चौकट धरून 350 म्हणू. मी म्हटलं, चार चाकं, म्हणजे एकावर 90 किलो. काका म्हणाले, “चारनं भागू नकोस रे, तीननं भाग. खडबडीत जमिनीवर एक चाक अधांतरीच असतं.” तसं केलं तर 117 येतात. आम्ही प्रत्येकी 200 किलोची, 4 इंची पॉलियुरेथेनची चाकं घेतली. मोठं चाक सांध्यात बसत नाही, वरून निघून जातं.

4 इंची चाक चौकटीच्या खाली लावलं तर मशीन पाच इंच वर जातं. मग रंध्याचं टेबल पोटाला येतं आणि फळीवर वरून दाब देता येत नाही. म्हणून 50 बाय 50 एमएमच्या लोखंडी अँगलची चौकट जमिनीलगत ठेवली आणि चाकं बाहेरच्या बाजूला पट्ट्यांवर उंच बसवली. मशीन जेमतेम पाऊण इंच वर गेलं. एका टोकाला दोन फक्त सरळ जाणारी चाकं आणि दुसऱ्या टोकाला दोन वळणारी. वेल्डिंगचे आधी नुसते टाके मारले, दोन्ही कर्ण मोजून चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे याची खात्री केली, मग पूर्ण शिवण.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र चार कोपऱ्यांतले बोल्ट. चाकाला ब्रेक असला तरी ते आपल्या खिळीभोवती थोडं डुलतंच, आणि रंधा चालू असताना ते डुलणं फळीवर उतरतं. मशीननं पायांवर उभं राहून काम करावं, चाकं फक्त हलवण्यापुरती. कोपऱ्यांत नट वेल्ड करून 16 एमएमचे बोल्ट घातले. त्यांच्या आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 2 एमएम, म्हणजे बोल्ट टेकल्यावर अडीच फेऱ्यांत मशीन 5 एमएम उचललं जातं आणि चाकं मोकळी होतात. प्रत्येक बोल्टखाली तीन इंची, जाड लोखंडी पट्टी ठेवतो. नाहीतर शहाबादी तडकते.

मशीन चौकटीवर चढवायला पूर्ण सकाळ गेली. मेन स्विच बंद, पट्टा काढला, मोटर उतरवली, पात्यांवर प्लायचा तुकडा बांधला. मग पहारीनं एक बाजू बोटभर उचलायची, ठोकळा सारायचा, मग दुसरी बाजू. एका वेळी एका ठोकळ्याहून जास्त नाही, हात कधीच खाली नाही.

आता हलवायच्या आधी जमीन झाडून घेतो. एक स्क्रू चाकाखाली आला तरी मशीन अडतं. दोघं मिळून खालून, बॉडीला हात लावून ढकलतो. टेबलाला नाही, कारण टेबल उतरत्या स्लाइडवर बसलेलं असतं आणि त्यावर ताण आला की माप बिघडतं. वायर लांब चार कोरची घेतली, तीन फेज आणि अर्थिंग, शेवटी औद्योगिक प्लग. पूर्वी दर वेळी तारा सोडून जोडताना एकदा फेज उलटसुलट झाले होते आणि मोटर उलटी फिरली होती.

पहिल्या दिवशी सागवानाच्या दोन फळ्यांच्या कडा रंधल्या, एकमेकींवर उभ्या ठेवल्या आणि ट्यूबलाइटकडे धरल्या. मधून उजेड दिसला, म्हणजे कडा सरळ नव्हत्या. अण्णा चौकटीजवळ बसले, बोल्टखालच्या चारही पट्ट्या बोटांनी हलवून पाहिल्या आणि म्हणाले, “ही डावीकडची मागची सैल आहे.” तो बोल्ट अर्धा फेरा घट्ट केला, पाणसळ ठेवली, त्याच कडा पुन्हा रंधल्या. या वेळी उजेड कुठूनच आला नाही.