रानमाणसाचा टालर

जर्मनीतल्या गोस्लारचा बाजारचौक देखणा आहे, पण पर्यटकांनी इतका भरलेला की तासाभरात मी तिथून निघालो. रामेल्सबर्गची खाण मात्र निवांत पाहिली. हजार वर्षांहून जास्त चाललेली ही खाण १९८८ साली बंद झाली. त्यानंतरचा एक दिवस पावसातच गेला.

मी आलो होतो ब्राउनश्वाइगच्या ड्यूकांच्या नाण्यांसाठी. हार्त्सच्या डोंगरातली चांदी, जवळच्याच टाकसाळी, आणि नाण्यावर उपटलेलं झाड हातात धरून उभा केसाळ रानमाणूस. हे टालर, म्हणजे चांदीची मोठी नाणी, मला फार आवडतात.

ब्राउनश्वाइगमधल्या एका छोट्या दुकानात वयस्क दुकानदारांनी मऊ कापड अंथरलं आणि ड्यूक हाइनरिश युलियसचे दोन टालर माझ्यासमोर ठेवले. एक लखलखीत, दुसरा काळसर. लखलखीत नाणं कुणीतरी कधीकाळी घासून काढलं होतं. रानमाणसाचे केसच पुसट झाले होते. घासलेलं नाणं मला बघवत नाही. चारशे वर्षांत चढलेला रंग एकदा गेला की परत येत नाही. कृपा करून नाणी घासू नका!

काळसर टालरच्या वरच्या कडेला डाग होता. आजोबांनी भिंग दिलं. तिथे कडी डाकलेली होती, नंतर कुणीतरी काढली. म्हणजे हे नाणं कुणीतरी गळ्यात घातलं होतं, आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेसारखं! पवित्र रोमन साम्राज्याच्या १५६६ च्या नियमाने टालर २९ ग्रॅमच्या किंचित वर असायचा. एवढी चांदी छातीवर मिरवणारी ती बाई कोण असेल, की पुरुष? संग्राहक अशा डागाला दोष मानतात, किंमत उतरते. मला ते पटत नाही. मी तोच घेतला. आजोबांनी घाई केली नाही, आग्रहही नाही. कॉफी पाजली आणि तासभर बोलत बसले.

निघताना त्यांनी घंटा-टालरांची चित्रं दाखवली. ड्यूकांचं व्होल्फनब्युटेल शहर १६२७ पासून त्या साम्राज्याच्या सम्राटाच्या सैन्याच्या ताब्यात होतं. १६४३ साली ते सैन्य निघून गेलं, तेव्हा ड्यूक आउगुस्टने घंटेची चित्रं असलेले सात टालर पाडले. एकावर लोलक नसलेली घंटा आहे. सातही जमवणं माझ्या खिशाला झेपणार नाही. तो लोलक नसलेला मात्र मला हवा आहे, डाग असला तरी चालेल.