सी-क्लटरचं बटण

मी जहाजावर सेकंड मेट होतो. सेकंड मेटचा वॉच, म्हणजे जहाज चालवण्याची पाळी, रात्री बारा ते चार. चार्ट, म्हणजे समुद्राचे नकाशे, दुरुस्त करणंही त्याच्याच गळ्यात. त्यामुळे उथळ जागांची भीती माझ्या ओळखीची होती. मॅजेंटा शाईच्या बारीक पेनानं नवा खडक टिपायचा, बदललेली खोली लिहायची, आणि मूळ मोजणी कुठल्या सालची हेही बघून ठेवायचं. १९९२ साली क्वीन एलिझाबेथ २ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ खडकाला घासलं, तिथली मोजणी १९३९ची होती. शिवाय उथळ पाण्यात वेगानं गेलं की जहाज आणखी खाली बसतं, तो हिशेबही कमी पडला. पण खडक बिचारा जागचा हलत नाही. एकदा सापडला की कायमचा शाईत.

बर्फाचं तसं नाही. ग्रीनलंडहून सुटलेले हिमनग लॅब्राडोर प्रवाहाबरोबर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रात येतात. टायटॅनिकनंतर सुरू झालेली इंटरनॅशनल आइस पेट्रोल, म्हणजे हिमनगांवर नजर ठेवणारी गस्त, ४८ अंश उत्तरेच्या खाली किती उतरले ते मोजते. १९८४ साली २,२०० च्या वर, १९६६ साली एकही नाही. काय अंदाज बांधणार?

आम्हाला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स बंदरात जायचं होतं, म्हणजे बर्फाच्या हद्दीत शिरणं आलंच. मे महिना, धुकं असं की पुढच्या डोलकाठीचा दिवाही दिसेना. मोठा हिमनग रडारवर बहुधा सापडतो. खरी धास्ती ग्राउलरची, म्हणजे बर्फाच्या लहान तुकड्याची. पाण्यावर मीटरभरही नाही, खाली मात्र कित्येक टन. रडारवर लाटांचे ठिपके दाबणारं सी-क्लटरचं बटण कमी केलं की लाटांचे पांढरे ठिपके रव्यासारखे पसरत. वाढवलं की पडदा स्वच्छ, पण लाटांबरोबर ग्राउलरही पुसला गेला असेल तर? चार तास मी ते बटण नुसतं पुढे-मागे करत होतो.

दोनच्या सुमारास कॅप्टनसाहेब स्लिपर घालूनच वर आले. पडदा बघितला, वेग आणखी कमी करायला सांगितला आणि बाहेर ब्रिजच्या विंगवर जाऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत.

साडेतीनला धुकं जरा फाटलं. लुकआउटनं उजवीकडे बोट दाखवलं. लाट फुटल्यासारखा फेस. फेस विरायची वाट बघत राहिलो. विरला नाही. रडारवर तिथे काहीच नव्हतं.

कोर्स बदलला, बर्फाचा रिपोर्ट पाठवला. चार्टवर पोझिशन मांडली ती पेन्सिलनं, शेजारी वेळ लिहून.