गॅलरीतला चोर

सोसायटीच्या सभेत या वेळी पार्किंगच्याही आधी पोपट निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार होती की पहाटे सहाला यांचा कालवा सुरू होतो, केबलची वायर कुरतडली जाते आणि आवारातल्या पेरूवर एक फळ धड राहत नाही. सेक्रेटरींनी इतिवृत्तात 'उपद्रवी पक्षी' असं लिहूनही टाकलं. मी हळूच बाबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. गॅलरीत रोज सकाळी शेंगदाणे ठेवून या टोळीला सोकावून ठेवलंय ते त्यांनीच.

गंमत अशी की बाबा सोलापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की त्यांची शाळा बंद आणि माळ्यावर बसून राखण सुरू. हातात गोफण, घशात आरोळी. पोपट म्हणजे त्यांच्या लेखी चोर, आणि चोरांतही बिनरीतीचा. "चिमणी दाणे खाते नि जाते. हे बेणं कणीस मोडतं, चार दाणे खातं, उरलेलं खाली टाकतं." यात अतिशयोक्ती नाही. आमच्या पेरूखाली रोज सडा असतो. प्रत्येक फळाला एखादी चोच, कच्च्यालासुद्धा. पिकायची वाट बघायला ते काही आपल्यासारखे मूर्ख नाहीत.

पण कठड्यावर हातभर अंतरावर बसलेला पोपट बघणं ही वेगळी गोष्ट आहे. आमच्याकडे येणारा नर, गळ्यात गुलाबी-काळा कंठ. मादीला तो नसतो. एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाने शेंग तोंडाशी धरतो, जाड काळसर जिभेने ती फिरवतो, टरफल बाहेर, दाणा आत. मध्येच थांबून एका डोळ्याने आपल्याला जोखतो. शेंगा संपल्या तर कुंडीतली लवंगी मिरची. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, त्यामुळे आपल्याला घाम फोडणारी मिरची तो काकडीसारखी खातो.

रस्त्यावरच्या जुन्या रेन ट्रीत त्यांचं घर आहे. ढोलीची सुरुवात बहुधा तांबटाने केली असावी. यांनी तोंड रुंद करून ताबा घेतला. शहरात यांचं निभतं ते अशाच म्हाताऱ्या झाडांवर.

भाची लंडनला हाऊन्सलोत राहते. तिने व्हिडिओ पाठवला: पानगळ झालेलं झाड, राखाडी आभाळ, आणि फांद्यांवर आपलेच हिरवे कंठवाले पोपट. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पोपटांची ही प्रजा. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने एक जोडी सोडली आणि तिथून हे सगळं झालं, असं तिथले लोक रंगवून सांगत. 2019 साली संशोधकांनी नकाशे मांडून त्यातली हवा काढली. ठिकठिकाणी, वेळोवेळी सुटलेत, इतकी साधी गोष्ट. पिकांची नासाडी होत असेल तर अटी पाळून त्यांना मारायची मुभा इंग्लंडात 2010 पासून आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना मारताही येत नाही आणि पिंजऱ्यात ठेवताही येत नाही. तरी 'मिठू मिठू' करणारे पिंजरे किती घरांत दिसतात, ते सोडा.

सोलापूरच्या शेतकऱ्याने यांना उपद्रवी म्हटलं तर मी मान डोलवीन. त्याचं वर्षाचं धान्य तिथे उभं असतं. आम्ही मात्र तो पेरू लावलेला नाही, त्याला कधी पाणी घातलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर फळं बाजारातूनच आणतो. हे सभेत बोलायचं धैर्य मला झालं नाही.

ठराव झाला: झाडाला जुन्या सीडी टांगायच्या, चकाकीने पक्षी घाबरतात. काकूंनी भजनांच्या बारा सीडी दिल्या. दोन दिवस खरंच शांतता होती. तिसऱ्या दिवशी एक मादी सीडीशेजारी बसली, त्यात वाकून बघितलं, मान तिरकी करून पुन्हा बघितलं आणि शेजारचा पेरू फोडला.

"गोफण पाहिजे," बाबा म्हणाले. मग समोरच्या इमारतीच्या काचांकडे त्यांची नजर गेली. "इथं नाही जमायची," असं पुटपुटत ते शेंगदाण्यांचा डबा आणायला आत गेले.