तुम्ही विचारलंत म्हणून: प्रीअँप पॅसिव्ह घ्यावा का?

माझ्याकडे गाणं ऐकायला आलेला माणूस अर्ध्या तासाने खालच्या फळीवरच्या स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवतो. फराळाचा चपटा डबा, पुढे दोन बटणं, मागे सॉकेट, आणि विजेच्या बोर्डाकडे जाणारी वायर एकही नाही. हा माझा प्रीअँप, म्हणजे प्लेअर आणि पॉवर अँप (स्पीकर चालवणारं यंत्र) यांच्यामधला, आवाज कमीजास्त करणारा डबा; विजेशिवाय चालतो म्हणून पॅसिव्ह. मग ठरलेला प्रश्न येतो: "आम्हीही असाच पॅसिव्ह प्रीअँप घ्यावा का?"

मी उलट विचारतो, तुमच्या आत्ताच्या अँपचं व्हॉल्यूमचं बटण रोज कुठे असतं? बहुतेक घरांत ते घड्याळाच्या नऊच्या पुढे सरकत नाही. सरकलं तर शेजारचे बेल वाजवतात. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल संगीताचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र) पूर्ण जोरात साधारण 2 व्होल्ट देतो. 50 वॉटच्या पॉवर अँपला 8 ओहमच्या स्पीकरवर पूर्ण ताकद लावायला 20 व्होल्ट लागतात, आणि तो स्वतःच आलेला सिग्नल साधारण वीसपट करतो. म्हणजे त्याला 1 व्होल्ट पुरला. तरीही आपण बटणाने सिग्नल आधी दाबतो आणि मधल्या प्रीअँपकडून तोच पुन्हा पाचपट फुगवून घेतो. पॅसिव्ह डबा हा खटाटोप गाळून टाकतो. त्यात असतं काय, तर इनपुट निवडायचा स्विच आणि एक व्हॉल्यूम कंट्रोल.

विकणारे याला शुद्धता वगैरे म्हणतात. असेल. पण सिग्नल वाढवणारा भाग गेला, की केबलमधून तो रेटून नेणाराही गेला, हे कोणी सांगत नाही. मला ते माझ्या पहिल्या डब्याने सांगितलं.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून मी 100 किलोओहमचा पॉट, म्हणजे व्हॉल्यूमसाठी फिरवायचा रेझिस्टर, आणला, कारण तोच हाताशी होता. पॉवर अँप खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्पीकरांच्या मध्ये. तिथपर्यंत 6 मीटर साधी शील्डेड वायर ओढली. पहिल्या संध्याकाळी सगळं छान. मग एक जुनं, मुळातच हळू आवाजात भरलेलं ध्वनिमुद्रण लावलं, बटण बरंच वर न्यावं लागलं, आणि तानपुऱ्याची जवारी गेली. तारा वाजत होत्या, झंकार नव्हता. तबल्याच्या चाटेवर कोणी रुमाल टाकावा तसं झालं. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तानपुऱ्याला सर्दी झालीय का?"

हिशोब नंतर केला. पॉट निम्मं व्होल्टेज सोडतो तेव्हा त्याचा आउटपुटचा अडथळा सगळ्यात जास्त असतो, एकूण किंमतीच्या चौथा हिस्सा, म्हणजे 25 किलोओहम. माझ्या वायरची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) मीटरला 150 पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे सहा मीटरची 900. अँपचा इनपुट 47 किलोओहमचा. हे तिन्ही मिळून 11 हजार हर्ट्‌झच्या सुमाराला ताकद निम्मी करतात, आणि त्याच्या वरचं आणखी दबतं. बटण खाली आणलं की अडथळा कमी होतो आणि झंकार परत येतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी मी फसलो.

आता डब्यात 10 किलोओहमचा पॉट आहे, अडथळा फार तर अडीच किलोओहम, आणि अँपपर्यंत 1 मीटर केबल. सर्दी गेली. पण पॉट इतका लहान केला की ओझं त्याला सिग्नल देणाऱ्या यंत्रावर येतं. बहुतेक डॅक ते सहज पेलतात. व्हॉल्व्हच्या (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांच्या) काही सीडी प्लेअरना ते जड जातं, आणि त्यांचा आउटपुटचा कपॅसिटर लहान असेल तर खर्जही पातळ होतो.

लांब केबल टाळता येत नसेल, तर पॅसिव्हचा हट्ट सोडा आणि बफर घ्या. अमेरिकन डिझायनर नेल्सन पास यांचा 2008चा बी1 याच दुखण्यावरचा उपाय आहे: व्होल्टेज वाढवत नाही, फक्त केबल पेलतो. पॉटऐवजी ट्रान्सफॉर्मर वापरणारे डबेही मिळतात. चांगले असतात, पण किंमत ऐकून मी चहा मागवला.

स्वस्त पॉटचं आणखी एक दुखणं रात्री कळतं. अगदी हळू आवाजात दोन बाजू सारख्या चालत नाहीत आणि मध्यभागी बसलेली गायिका सोफ्याच्या डाव्या हाताशी सरकते. यावर टप्प्याटप्प्याचा स्विच, प्रत्येक टप्प्याला 1 टक्क्याचे रेझिस्टर. सोल्डर करताना मान मोडते.

रेकॉर्ड लावणाऱ्यांनी फोनो स्टेज (सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) वेगळा घ्यायचाच आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचे (सुई बसवलेल्या भागाचा एक प्रकार) 5 मिलिव्होल्ट शंभरपट झाले तरी अर्धाच व्होल्ट होतो, त्यामुळे बटण बरंच वर न्यावं लागतं. माझ्या खोलीत पुरतं. हॉल मोठा आणि स्पीकर मंद, म्हणजे तेवढ्याच सिग्नलवर हळू वाजणारे, असतील तर पुरणार नाही.

आणि हो, याला रिमोट नाही. दाराची बेल वाजली की उठून आधी डब्याकडे जायचं, मग दाराकडे. बायकोची तक्रार आता एवढीच उरली आहे, कारण उठते ती.