कणकुंबीच्या पावसात पारखलेले हातमोजे

फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरवर, बसायचं, असं आमच्या ग्रुपचं ठरलं तेव्हा बेळगावात जुलैचा पाऊस कोसळत होता. जॅकेट, बूट, टोपी यांचा विषय पटकन मिटला. अडलं ते हातमोज्यांवर. थंडी आणि ओल दोन्ही एकदम अंगावर येतात तेव्हा कुठले ग्लोव्हज टिकतात, ते दुकानातल्या काउंटरपाशी उभं राहून कळत नाही. पण बेळगावकरांना ही परीक्षा घ्यायला काश्मीर कशाला हवं? जांबोटीच्या पुढचा पाऊस आहे की!

टिळकवाडीतून सकाळीच बाईक काढली. सोबत तीन जोड घेतले होते: नेहमीचे चामड्याचे, 'वॉटरप्रूफ' शिक्क्याचे जाड कापडी, आणि पातळ लोकरीचे मोजे व त्यांवर चढवायला धुण्याभांड्याचे रबरी. पिरनवाडीला उजवीकडे वळून किणयेपर्यंत नुसती भुरभुर होती. तोवर चामड्याच्या ग्लोव्हजना तोड नव्हती. क्लच, ब्रेक, इंडिकेटरचं बटण, सगळं बोटांना नीट जाणवत होतं. कुसमळीला मलप्रभेचा पूल आला तसा पावसाने जोर धरला. पाणी आधी बोटांच्या बेचक्यांतल्या शिवणीतून आत आलं. वारा समोरून तिथेच थडकतो, म्हणून सर्वांत आधी हार खाते ती ही शिवण. मग तळव्याचं चामडं फुगलं, जड झालं आणि मुठीवर सरकायला लागलं.

जुलैत इकडे तापमान २० अंशांच्या आसपास असतं. त्याला कोणी थंडी म्हणणार नाही. पण स्थिर हवेपेक्षा पाणी साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. त्यात बाईकच्या वेगाचा वारा, आणि वाऱ्याने वाळणारं पाणी जाता जाता आणखी उष्णता नेतं ते वेगळंच. जांबोटी यायच्या आत करंगळी आणि अनामिका बधिर झाल्या. क्लच किती सुटला हे हाताला कळेना, इंजिनाच्या आवाजावरून ओळखावं लागत होतं. घाटाच्या तोंडाशी ही गोष्ट अजिबात हलक्यात घेण्यासारखी नाही.

जांबोटीत एका पत्र्याच्या शेडखाली चहा घेतला आणि कापडी जोड चढवला. असल्या ग्लोव्हजमध्ये बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. पडद्याने आपलं काम चोख केलं, पाणी आत येऊ दिलं नाही. तरी कणकुंबी येईपर्यंत हात दमट झालेच. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप जुना झाला की ते कापड पाणी पितं, आणि मग वाफेची वाट बंद होते. शिवाय आपल्या पावसाळ्यात हवाच वाफेने भरलेली, घामाने जायचं तरी कुठे? गुलमर्गच्या कोरड्या थंडीत हाच पडदा जास्त चांगला चालेल. एवढी सूट त्याला द्यायला हवी.

दुसरी गोष्ट मनगटाची. बर्फात ग्लोव्हचं लांब तोंड जॅकेटच्या बाहीवरून घेऊन दोरीने आवळतात, म्हणजे उडणारा भुगा आत जात नाही. पावसात मी तसंच करून पाहिलं. बाईकवर हात पुढे आणि कोपरापेक्षा खाली असतात. बाहीवरून ओघळणारं पाणी थेट त्या उघड्या तोंडात, पन्हळीतून पिंपात पडावं तसं. बाही ग्लोव्हच्या वरून घेतल्यावर ते थांबलं. म्हणून घेताना असा जोड घ्यावा, ज्याचं मनगट बाहीच्या आतही बसेल आणि वरूनही आवळता येईल. दोन्हीकडे लागतं.

कणकुंबीला माउलीच्या देवळात गेले. मलप्रभेचा उगम इथलाच. इथून निघून ती पूर्वेला पार कूडलसंगमला कृष्णेला मिळते. पावसाळ्यात या गावाला डोंगर, देऊळ, रस्ता असं वेगवेगळं काही उरत नाही, सगळं धुक्याचंच. हात जोडायला ग्लोव्हज काढले, तर ओल्या बोटांना चिकटून आतलं अस्तर उलटं बाहेर आलं. बोटांची पाच रिकामी टोकं लोंबत होती. पेनाच्या मागच्या टोकाने एकेक बोट आत ढकलत बसले, तरी करंगळीचं अस्तर जागेवर गेलं नाही ते नाहीच. बर्फात उघड्यावर हा उद्योग करायची वेळ आली तर हाताचं काय होईल, हे तिथे पायरीवर बसल्या बसल्या लख्ख कळलं. अस्तर बोटांच्या टोकांना शिवलेलं आहे की नाही, हे आता मी दुकानात आधी बघणार. हात घालायचा, मूठ वळायची आणि झटक्यात बाहेर काढायचा. अस्तर सोबत आलं तर तो जोड तिथेच ठेवायचा.

पुढे चोर्ल्याच्या दिशेने थोडी गेले ती लोकर आणि वर रबर अशी. दिसायला कसंही दिसो, हात गरम राहिले. घामाने लोकर ओलसर झाली होती, पण गारठा नव्हता. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही. या भागातल्या धनगरांनी पावसात घोंगडी अंगावरून का सोडली नाही, त्याचं उत्तर यातच आहे. रबराचा दोष एवढाच की त्याला मार लागला की संपलं. पडलो तर ते तळहात वाचवत नाही, म्हणून वेगात ते वापरूच नये. मी धुक्यात हळू चालवत होते.

परतताना मामांकडे थांबले. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, काश्मीरच्या उंच चौक्यांवर राहिलेले. तिथे त्यांनी स्नो स्कूटर जवळून पाहिल्यात.

"बस की गं आधी, हात शेक," म्हणाले, आणि माझे ग्लोव्हज चुलीजवळ ठेवायला निघालेल्या मामींना त्यांनी अडवलं. चामडं आचेवर वाळवलं की कडक होऊन तडकतं. रद्दी कोंबून वाऱ्याला टांगायचं, कागद भिजला की बदलायचा.

मग त्यांनी अंगठ्याची गोष्ट काढली. स्नोमोबाईलला बाईकसारखी फिरवायची मूठ नसते. उजव्या अंगठ्याने एक दांडी दाबत राहायचं, म्हणजे वेग वाढतो. ब्रेक डाव्या हाताला. "दाबून दाबून अंगठ्यातलं रक्त जातं, वर वारा त्याच्यावरच. बाकीची बोटं बरी असतात गं, अंगठा जातो." ज्या गाड्यांना गरम होणाऱ्या मुठी असतात, तिथे तळव्याला जाड अस्तर असलं तर ती ऊब हातापर्यंत पोचत नाही. म्हणून तळवा पातळ आणि हाताची पाठ जाड, अशी रचना हवी. मागे बसणाऱ्याला मात्र पकडून बसण्याखेरीज काम नसतं. त्याने चारी बोटं एकत्र राहतात तसले पिशवीवजा मोजे घालावेत, बोटं एकमेकांना ऊब देतात. गुलमर्गला पर्यटकांना बहुधा चालकामागेच बसवतात, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणींना हेच पुरेल.

कोरड्या उणे १५ अंशांपेक्षा शून्याजवळचा ओला बर्फ हातांना जास्त छळतो, हेही त्यांचंच. कोरडा बर्फ झटकला की पडतो. ओला ग्लोव्हवर वितळतो, मुरतो, आणि सावलीत गेलं की गोठतो. शून्य अंशाला ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे ९ सारखं लागतं. आणि पेट्रोल! ते त्या थंडीत गोठत नाही. हातावर सांडलं तर भराभर उडून जाताना गारठ्यानेच कातडी जाळतं. टाकी भरताना हात उघडा ठेवायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आत पातळ मोजे कायम हवेत, म्हणजे बकल लावायला वरचा जोड काढला तरी उघड्या बोटांनी लोखंडाला हात लागत नाही. सुका जोड कोटाच्या आत, छातीशी. सामानाच्या पिशवीत ठेवलेला थंडगार निघतो.

बायकांसाठी एक सांगते, कारण दुकानदार सांगत नाहीत. पुरुषी मापाचा जोड तळव्याला बसला तरी बोटांची टोकं रिकामी लोंबतात आणि दांडीत अडकतात. अंगठा सोडून तळव्याचा घेर इंचात मोजायचा, ७ इंच आला तर माप ७. मूठ वळल्यावर बोटाच्या टोकाशी किंचित जागा राहावी. घट्ट ग्लोव्हमध्ये रक्तही फिरत नाही आणि ऊब धरणारी हवाही राहत नाही. त्यामुळे आतल्या लोकरी मोज्यासकटच माप घ्यायचं.

ते लोकरी मोजे खडेबाजारात मिळाले. वरचा जोड ऑक्टोबरात मागवणार आहे. माप चुकलं तर बदलून घ्यायला वेळ राहील, आणि आल्या दिवशी बादलीत मनगटापर्यंत बुडवून, आत टिश्यू पेपर ठेवून बघता येईल.