सही: अवाच्य

जर्मन भाषांतराच्या कामात जन्मदाखले आणि गुणपत्रिका यांचाच रतीब असतो. त्यामुळे पुण्यातल्या माझ्या टेबलावर एका काकांनी रुमालाची गाठ सोडून तपकिरी पासपोर्ट ठेवला, तेव्हा मी आधी हात धुऊन आले.

त्यांच्या आईचा पासपोर्ट. बर्लिन, १९३९. पहिल्याच पानावर भला मोठा लाल 'जे'. म्हणजे ज्यू. नावाला 'सारा' जोडलेलं. त्या जानेवारीपासून ज्यू बायकांवर हे नाव लादलं होतं, पुरुषांवर 'इस्राएल'. देश सोडताना सोबत नेता येणाऱ्या दहा मार्कांची नोंद. पुढे मुंबईत उतरल्याचा शिक्का. आणि या दोहोंच्या मध्ये हिंदुस्थानचा व्हिसा: ब्रिटिश पासपोर्ट कंट्रोल ऑफिसर, बर्लिन. खाली सही. एक वळसा, एक फराटा, बस.

काकांनी तिथं बोट ठेवलं. "ही फ्रँक फोलीची. मुलीनं शोधून काढलंय. भाषांतरात तसं लिहा, मॅडम."

नाव मला माहीत होतं. टिअरगार्टनस्ट्रासेवरच्या पासपोर्ट कचेरीतला हा ठेंगणा, चष्मेवाला साहेब खरं तर ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा बर्लिनमधला प्रमुख. पासपोर्टचं काम हा बुरखा. बरं, वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना मिळणारं राजनैतिक संरक्षणही त्याला नव्हतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची दुकानं फुटली, सिनेगॉग म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं जळाली, हजारो पुरुष छळछावण्यांत गेले आणि त्याच्या कचेरीबाहेर रांगा लागल्या. काहींना त्यानं स्वतःच्या घरात लपवलं. तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टाईनच्या एका प्रकारच्या व्हिसासाठी हजार पौंड दाखवावे लागत. पण एवढा पैसा ज्यूंना जर्मनीबाहेर नेऊ देतंय कोण? पुढे कधीतरी पैसे मिळतील अशा नुसत्या चिठ्ठीवरही फोली भागवून घेई. वाचवलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगतात. तो वारला १९५८ साली. ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्राएलमधल्या याद वाशेम संस्थेनं त्याला गौरवलं १९९९ मध्ये.

हे सगळं मीच काकांना रंगवून सांगितलं. आणि मग म्हणाले, "पण काका, मला जे वाचता येतं तेवढंच लिहिता येतं. खाली माझा शिक्का असतो."

आमच्या धंद्यात प्रत्येक शिक्का, प्रत्येक सही नोंदवायची आणि लागली नाही तर 'अवाच्य' लिहायचं. त्या कचेरीत सह्या करणारा काय तो एकटाच होता? तरी मी भिंग घेतलं, दिव्याखाली पान तिरपं करून पाहिलं. 'एफ' आहे असं मनात धरलं की दिसतो. नाही धरलं की नाही.

तीन दिवसांनी काका आले. कागद शेवटपर्यंत वाचला, त्या ओळीवर थांबले.

"त्याला चिठ्ठी चालली," एवढंच म्हणाले आणि पासपोर्ट रुमालात बांधायला लागले. गाठ नीट बसेना. मी उठून पलीकडचं टोक धरलं.