विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च कोणत्या शीर्षाखाली?

शिक्षकांसाठीच्या अनुदान योजनेत मी यंदा जो प्रस्ताव सादर केला, तो रूढ अर्थाने संशोधनाचा नव्हता; विद्यार्थ्यांनी गावोगावच्या विहिरींची पातळी मोजावी आणि ग्रामपंचायतींना पाण्याचा ताळेबंद, म्हणजे उपलब्ध पाणी आणि त्याचा वापर यांचा हिशेब, मांडून द्यावा, असा तो होता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम. ए. भूगोलाच्या दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी रुळलेल्या ओजेटीचे, चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने प्रत्येक विद्यार्थ्याने १२० तास प्रत्यक्ष काम करणे अपेक्षित आहे. तालुक्याच्या ठिकाणी असे काम देणाऱ्या संस्था मोजक्याच असतात. त्यामुळे ओळखीच्या एखाद्या दुकानदाराच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र येते, त्यावर सही होते आणि गुण भरले जातात. ही विद्यार्थ्याची उघड फसवणूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि विभागाच्या बैठकीतही मी ते मांडले आहे.

आमच्या परिसरातील ग्रामपंचायतींना मात्र भूगोलाच्या विद्यार्थ्याची खरी गरज आहे. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला त्यांच्याकडे माणूस नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात दरवर्षी हा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि त्यावरून पिके ठरतात, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यामागे पर्जन्यमापकाच्या आणि विहिरींच्या नोंदींचे किती चिकाटीचे काम असते, हे फारसे कोणी पाहत नाही. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होते, इथपर्यंतचे गणित शाळकरी मुलालाही जमेल. खरा कस विहिरीवर लागतो. पातळी मोजायची ती पंप सुरू होण्यापूर्वी, कारण उपसा चालू असताना किंवा नुकताच थांबलेला असताना मिळणारा आकडा स्थिर पातळीचा नसतो. ज्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात पहाटेही पंप चालूच असतात, म्हणून मोजणीची तारीख विजेचे वेळापत्रक पाहून ठरवावी लागते. टेप सोडण्याची जागा कठड्यावर ऑइलपेंटने कायमची आखून घ्यायची आणि आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करायची, तेव्हा कुठे जमिनीपासूनची खोली मिळते. शिवाय आमच्याकडचा खडक बेसाल्ट असल्यामुळे हाकेच्या अंतरावरील दोन विहिरींच्या पातळ्याही जुळतीलच असे नाही, त्यामुळे एका विहिरीवरून गावाचा अंदाज बांधता येत नाही. जानेवारी, मार्च आणि मे या तिन्ही मोजण्या दुसऱ्या सत्रात बसतात, आणि ही सांगड घालून १२० तासांची आखणी मी केली, याचे मला मनापासून समाधान आहे.

अर्जाचा नमुना संशोधन प्रकल्पासाठी तयार केलेला होता. त्यात उपकरणे, पुस्तके, रसायने व काचसामान, प्रमुख संशोधकाचा प्रवास आणि संकीर्ण अशी खर्चाची शीर्षे होती. विद्यार्थ्याचा प्रवास कुठेच नव्हता. आमच्या कार्यालयातील लेखापालांनी तो ‘क्षेत्रकार्य’ म्हणून संकीर्णाखाली, सविस्तर समर्थन जोडून मागण्यास सुचवले. अशा बाबतीत त्यांच्याइतकी जाण आम्हा प्राध्यापकांपैकी एकालाही नाही.

अनुदान समितीपुढील सादरीकरणाच्या दिवशी पहिला प्रश्न आला तो यातून किती शोधनिबंध निघतील हा. दुसऱ्या सदस्यांनी विचारले, “मॅडम, हे सगळं एनएसएसमध्ये बसत नाही का?” मी एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, कार्यक्रम अधिकारी राहिलेली आहे आणि १९६९ पासून चालत आलेल्या त्या योजनेबद्दल मला आदर आहे. तिथेही वर्षाला १२० तासच असतात, परंतु ते श्रमदान, शिबिर, जनजागृती अशा अनेक कामांत विभागले जातात आणि त्यांत विद्यार्थ्याच्या विषयज्ञानाची परीक्षा होत नाही. ओजेटीमध्ये ग्रामपंचायतीने विद्यार्थ्याला “हा आकडा कसा काढला?” असे विचारता आले पाहिजे, आणि त्याला उत्तर देता आले पाहिजे. हे मी सांगितले, ते कितपत पोहोचले याची मला शंका आहे.

तिसरा प्रश्न समितीतील एका ज्येष्ठ भूजलतज्ज्ञ बाईंचा होता. “आकडे गोळा झाल्यावर ते कोणाचे? विद्यार्थ्याचे, तुमचे की गावाचे?” असे त्यांनी विचारले. त्या सभागृहात गावाचा विचार करून विचारलेला तो एकमेव प्रश्न होता. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानुसार अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे भूजलाच्या संरक्षणासाठी जाहीर केलेल्या क्षेत्रात, ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे, आणि बोअरची खोली सांगताना शेतकरी का अडखळतो, हे त्यावरून समजते. मूळ नोंदवही ग्रामपंचायतीकडे राहील, विहिरींना मालकाच्या नावाऐवजी क्रमांक दिले जातील आणि अहवालात फक्त गावपातळीवरचे आकडे येतील, असे मी उत्तर दिले. त्यांनी मान डोलावली. तरीही लहान गावात विहिरीचा क्रमांक पाहून मालक ओळखता येतोच, हे मला तेव्हाही जाणवत होते आणि त्यावरचा पक्का उपाय मी अजून शोधते आहे.

मंजुरीचे पत्र आले. पाण्याची पातळी दाखवणारी दोन उपकरणे पूर्ण किमतीसह मंजूर झाली; विद्यार्थ्यांच्या प्रवासापुढे ‘अनुज्ञेय नाही’ असा शेरा होता. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदीच्या वहीत, ज्याला क्रमांक पडतो तेवढाच खर्च खरा, ही समजूत आपल्या अनुदान व्यवस्थेत खोलवर रुजलेली आहे, आणि सेवाभावी कामाचे तिने फार नुकसान केले आहे. रोज सहा तास धरले तरी १२० तासांना २० फेऱ्या लागतात. विद्यार्थ्यांचा एसटीचा सवलतीचा पास फक्त घर ते महाविद्यालय याच मार्गावर चालतो. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा भार काहीसा हलका होतो. मुलांना मात्र पूर्ण भाडे द्यावे लागते, आणि सुट्टीत शेतावर रोजंदारीला जाणाऱ्या मुलाचा त्या दिवसाचा रोजही बुडतो. “मॅडम, मला माझ्याच गावाची विहीर द्या ना,” असे एक विद्यार्थी म्हणाला, तेव्हा त्याला नाही म्हणणे मला शक्य नव्हते.

म्हणून तूर्त यादीत पासच्या मार्गावरील गावेच ठेवली आहेत. सर्वात आधी महाविद्यालयात येऊन मुले मागणारे सरपंच घाटावरच्या गावाचे होते. तिथे दिवसातून एकच गाडी जाते, तीही दुपारी, आणि ते गाव यादीत नाही. दुसरे उपकरण न घेता ती रक्कम प्रवासाकडे वळवावी, असा पुनर्विनियोजनाचा अर्ज मी त्या गावाचे नाव लिहून दिला आहे. समितीची बैठक फेब्रुवारीत आहे. जानेवारीच्या मोजणीची वेळ तोवर निघून जाईल. ती हुकली तर त्या गावात मार्चचा आकडा ताडून पाहायला मागचा आकडाच नसेल, आणि मे महिन्यात टँकरच्या प्रस्तावाला जोडण्यासाठी सरपंचांच्या हाती पातळीची सलग नोंद राहणार नाही.